ओझ्याची जागा

ओझ्याविषयी बोलण्याचा अधिकार ज्याने ओझे वाहिले त्यासच असावा, हे तत्त्व एकदा मान्य केले म्हणजे आम्हांस हा निबंध येथेच आटोपता घ्यावा लागेल. आमच्या आयुष्याची पन्नासांवर वर्षे गेली. त्यांपैकी तीस-एक इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात गेली. आणि या अवधीत आमच्या हातून जे काही उचलले गेले त्यात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याहून जड असे फारसे काही नव्हते. लहानपणी आमचे दप्तर थोरल्या बंधूंनी वाहिले, मोठेपणी आमच्या ट्रंका हमालांनी वाहिल्या, आणि संसाराचे ओझे कोणी वाहिले याविषयी आमच्या घरात अद्याप एकमत नाही. बनियनचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हा 1678 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आम्ही वर्गात कित्येक वेळा शिकविला. त्यातील यात्रिकाच्या पाठीवर पापाचे एक भले मोठे गाठोडे असते, आणि क्रूसापाशी येताच ते आपोआप सुटून घरंगळत जाते. त्या गाठोड्याच्या रूपकाचा अर्थ आम्ही तासन् तास फोडून सांगितला. पण ते पाठीवर बांधले होते कसे, त्याचे बंद खांद्यास काचत होते की नाही, हा प्रश्न आम्हांस तीस वर्षांत एकदाही सुचला नाही. तो सुचविला एका मचाणाने.

ही हकीकत सन 2023 च्या नोव्हेंबर महिन्यातील आहे. आमची कन्या अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात मॅडिसन येथील विद्यापीठात शिकते. दिवाळीच्या सुट्टीस रजेची जोड देऊन आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. तिच्या बिऱ्हाडास लागून एका वृद्ध गृहस्थांचे घर आहे. वय अडुसष्ट, सारा जन्म शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात गेलेला, पत्नी निवर्तलेली, मुलगा दूरच्या गावी, दोन वर्षांमागे हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. बोलणे मोजके, पण जे बोलावयाचे ते खिळा ठोकावा तसे. आम्ही तेथे पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते आपल्या गाडीखान्यात एका लोखंडी सांगाड्यासमोर उभे राहून त्याजकडे अशा दृष्टीने पाहत होते, की जणू तो सांगाडा म्हणजे कर्ज न फेडणारा एखादा नातलग आहे. ही वस्तु कोणती, असे आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, “हे माझे मचाण. आणि प्रोफेसर, याला आता मी पेलवत नाही.” मचाणाला माणूस पेलवत नाही की माणसाला मचाण, हे आम्हांस क्षणभर कळेना. पुढे कळले की वाक्य त्यांनी मुद्दामच उलटे केले होते.

मचाण हा शब्द आम्हां मराठी माणसांस परका नाही. जोंधळ्याच्या शेतात चार खांबांवर उभारलेला माळा, त्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदार, हे चित्र आम्ही लहानपणी आजोळी पाहिले आहे. मेळघाटात आणि ताडोबात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून वन्य जनावरे पाहण्याची सोय वनखाते करते. तशी एक रात्र आम्हीही काढली आहे, आणि तीत आम्हांस एक रानडुक्कर व अगणित डास दिसले. शिकार तर आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदच झाली. त्यापूर्वीच्या साहेबी शिकारकथा आम्ही तरुणपणी पुष्कळ वाचल्या. त्यांत सायंकाळ होते, झाडावर चारपाई बांधली जाते, आणि साहेब तीवर चढून बसतो. ‘मचाण बांधले गेले’ हे वाक्य त्या बहुतेक कथांत येते. कर्मणि प्रयोगाचा याहून सोयीस्कर उपयोग आमच्या पाहण्यात नाही. ती चारपाई गावापासून रानापर्यंत कोणाच्या तरी डोक्यावरून गेली असली पाहिजे; पण व्याकरणाने त्या कर्त्यास वाक्याबाहेर ठेवले, आणि आम्हां वाचकांसही त्याची उणीव कधी भासली नाही.

आमच्या शेजाऱ्यांच्या मचाणास कर्ता एकच, आणि तो म्हणजे ते स्वतः. तेथील हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो; नोव्हेंबरातील ‘थँक्सगिव्हिंग’ या सणापूर्वीच्या शनिवारी तो सुरू होतो, आणि त्या एका संस्थानात पाच लाखांहून अधिक माणसे त्याचे परवाने घेतात. आमच्यासारख्या शाकाहारी कुळातील माणसाच्या पोटात हा आकडा ऐकून गोळा उठला, हे आम्ही लपवीत नाही. परंतु लांडगे व इतर मोठी श्वापदे त्या संस्थानाच्या दक्षिण भागातून नाहीशी होऊन फार काळ लोटला आहे, हरणे शेतांत आणि रस्त्यांवर येतात, आणि बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा 1937 च्या कायद्यान्वये वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी खर्च होतो, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे. तो वाद आम्ही येथे मिटविणार नाही. आमचा विषय शिकार नव्हे; शिकाऱ्याच्या पाठीवर जे असते ते आहे.

ज्यांच्या मालकीचे रान असते ते लोक शिडीचे भक्कम मचाण झाडास एकदाच टेकून ठेवतात आणि वर्षानुवर्षे तेथेच बसतात. शेजाऱ्यांस स्वतःचे रान नाही. ते सरकारी रानात जातात. तेथे नियम निराळे. झाडास खिळा ठोकावयाचा नाही, फिरकीच्या पायऱ्या खोडात घुसवावयाच्या नाहीत, आणि त्या भागातील बहुतेक सरकारी जमिनींवर मचाण रात्री झाडावर ठेवावयाचे नाही. दिवस मावळला की खाली उतरवून परत न्यावयाचे. म्हणून गरिबाच्या वाट्यास येते ते चढते मचाण. त्याचे दोन भाग असतात; एक बैठकीचा, एक पावलांचा. प्रत्येक भागास एक तारदोर असून तो खोडाभोवती आवळतात. मग बैठकीवर भार देऊन पावलांचा भाग वर ओढावयाचा, पावलांवर उभे राहून बैठक वर सरकवावयाची, असे करीत माणूस सुरवंटाप्रमाणे झाडावर चढत जातो. आपल्या गोव्यातील पाडेली पायांत दोराचे वेटोळे घालून माडावर चढतो, त्यातलीच ही युक्ति. भेद इतकाच की पाडेल्याचे सर्व साहित्य एका हातात मावते, आणि हे साहित्य बावीस पौंड, म्हणजे सुमारे दहा किलोग्रॅम भरते. त्यात रायफल, थंडीचे कपडे, थर्मास आणि भाकरतुकडा मिळविला म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या आणि एकदा उघडून शिवलेल्या छातीच्या माणसास पहाटेच्या अंधारात मैलभर चालणे हा विनोद राहत नाही.

कारखानदाराने मचाणाबरोबर दोन बंद दिलेले असतात. ते बंद पाहून आम्हांस वाटले की ते बनविणाऱ्याने ओझे कधी वाहिले नसावे. या बाबतीत तो आमचाच जातभाई. बोटभर रुंदीचे, पातळ, गुळगुळीत. ते खांद्यावर टाकले की दहा मिनिटांत खांद्यात रुततात, आणि सांगाडा पाठीपासून वीतभर दूर लोंबत राहतो. ओझे पाठीपासून जितके दूर तितके ते माणसास मागे ओढते. मग माणूस तोल सावरण्यासाठी पुढे वाकतो, आणि जे काम हाडांनी करावयाचे ते कमरेचे स्नायू करू लागतात. शिवाय चालताना लोखंडावर लोखंड आपटून जो नाद होतो, तो देवळात शोभेल, पण रानात नव्हे. हरणाचे कान तिखट असतात.

याहून हलकी मचाणे बाजारात मिळत नाहीत असे नाही. कसबी बनावटीची, वजनाने याच्या निम्मी अशी मिळतात. अलीकडे तर काही शिकारी मचाणाऐवजी कमरेस बांधावयाची एक झोळी घेऊन जातात आणि झाडास टांगून बसतात. पण या सर्व हलक्या वस्तूंची किंमत शेकडो डॉलर असते. वस्तु जितकी हलकी तितका खिसाही हलका, हा न्याय सर्वत्र सारखाच. शेजाऱ्यांस पेन्शनवर दिवस काढावयाचे. त्यांच्या मुलाने दूरध्वनीवरून सुचविले की आता हे सारे सोडून द्यावे. ही सूचना प्रेमाची होती यात शंका नाही. पण ती ऐकून शेजाऱ्यांचा चेहरा उतरला तो आम्ही पाहिला. वडिलांचे ओझे हलके करावयाचे म्हणजे त्यांस घरी बसवावयाचे, हा उपाय आमच्याकडील मुलांसही पाठ आहे. सोपा उपाय आहे, आणि मुलांस त्यात खर्च काहीच येत नाही.

म्हणून उपाय शोधणे भाग पडले. बर्फावरून ओढावयाची एक घसरगाडी गाडीखान्यात होती. परंतु त्या वर्षी त्या सुमारास आमच्या बाजूस हिम पडलेच नाही. दोन चाकांची हातगाडी पाहिली. ती पायवाटेवर बरी, पण पडक्या ओंडक्यांत आणि चिखलात तीच उचलून न्यावी लागे, म्हणजे वाहनच ओझे होऊन बसे. तेव्हा आम्ही पुढे सरसावलो. ग्रंथ आमचे बळ. मॅडिसनच्या उत्तरेस तासाभराच्या वाटेवर पोर्टेज नावाचे गाव आहे. त्या शब्दाचा अर्थच ‘ओझे वाहून नेण्याची जागा’. फॉक्स आणि विस्कॉन्सिन या दोन नद्या तेथे एकमेकींच्या इतक्या जवळ येतात, की मैल-दोन मैल होड्या आणि सामान खांद्यावरून नेले म्हणजे एकीतून दुसरीत जाता येते. मार्केट आणि जोलिये हे फ्रेंच प्रवासी 1673 साली येथूनच मिसिसिपीकडे गेले. पुढे कातड्यांच्या व्यापारातील नावाडी अशा वाटांवर नव्वद पौंडांचा एक, असे दोन गठ्ठे एका खेपेस वाहत. ते कपाळावरून घेतलेल्या एका चामडी पट्ट्याने. ही विद्या त्यांनी तेथील मूळच्या रहिवाशांकडून घेतली होती. नेपाळातील भारवाहक याच रीतीने कपाळावर नाम्लो घेऊन पाठीवर डोको वाहतात. 2005 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांच्याविषयी एक शोधनिबंध आला होता. त्यात पुरुष सरासरीने आपल्या शरीराच्या वजनाच्या शेकडा 93 इतके ओझे वाहताना आढळले. त्यापूर्वी 1986 साली ‘नेचर’मध्ये पूर्व आफ्रिकेतील स्त्रियांविषयी असेच काम प्रसिद्ध झाले होते, शरीरभाराच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे त्या डोक्यावरून नेतात, आणि त्यासाठी त्यांस जास्त श्वास खर्चावा लागत नाही, असे त्यात दिसून आले. ही सर्व माहिती आम्ही शेजाऱ्यांस मोठ्या उत्साहाने सांगितली, एक जुना गाडीचा पट्टा कपाळास लावला, आणि मचाण पाठीवर घेऊन अंगणात चालून दाखविले.

आम्ही सोळा पावले चाललो. सतराव्या पावलास मानेत काही तरी कडकन वाजले, आणि पुढचे दोन दिवस आम्ही जगाकडे डाव्या कुशीने पाहत होतो. नेपाळी भारवाहक ही विद्या बाळपणापासून शिकतो, त्याच्या मानेस ती वर्षांनी लाभते. नियतकालिक वाचून ती येत नाही, हे त्या निबंधात लिहिलेले नव्हते. शेजारी हसले नाहीत. त्यांनी आमच्या मानेस चोळण्यासाठी घोड्याचे मलम दिले आणि एवढेच म्हणाले, “प्रोफेसर, तुमचा उपाय चांगला आहे; मान चुकीची आहे.”

अखेर उपाय सापडला तो एका चर्चने चालविलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, आठ डॉलरांस. पाठीवर घ्यावयाच्या जुन्या प्रवासी पिशवीची ती ॲल्युमिनियमची चौकट होती. पिशवी केव्हाच फाटून गेलेली, पण कमरेचा रुंद, गुबगुबीत पट्टा शाबूत होता. या चौकटीचाही एक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लाकडी फळ्यांच्या चौकटी रूढ झाल्या; पुढे 1952 साली कॅलिफोर्नियातील डिक केल्टी नावाच्या सुताराने ॲल्युमिनियमच्या नळीची चौकट करून विकावयास आरंभ केला. चौकटी तो करी, आणि शिवणकाम त्याची पत्नी करी. डोंगर चढताना चौकटीची खालची टोके विजारीच्या मागल्या खिशांत खोवली असता खांद्यांवरील भार एकदम उतरला, आणि त्यावरून कमरेच्या पट्ट्याची कल्पना निघाली, अशी गोष्ट सांगतात. खिशाचा इतका मोठा उपयोग अर्थशास्त्रज्ञांसही सुचला नसेल.

शेजाऱ्यांनी गाडीखान्यात दोन संध्याकाळ काम केले; आम्ही दिवा धरला. मचाणाचे दोन्ही भाग एकात एक बसवून चौकटीस घट्ट आवळले. त्याची टोके डोक्याच्या वर जाणार नाहीत आणि खांद्यांच्या बाहेर येणार नाहीत अशी बेतली, नाही तर ती फांद्यांत अडकतात. जेथे धातूस धातु लागे तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. पाठीस लागणाऱ्या बाजूस निजावयाच्या जुन्या चटईचा तुकडा शिवला. जाड कोट अंगात न घालता मचाणावर बांधण्याची जागा ठेवली. कारण चालताना घाम आला, की वर जाऊन बसल्यावर तोच घाम अंगावर गोठू लागतो. बंद, बकले सारे धरून खर्च वीस डॉलरांच्या आत राहिला. एका गोष्टीत मात्र त्यांनी काटकसर केली नाही. झाडावरून पडून शिकाऱ्यांस होणाऱ्या इजा तिकडे फार. म्हणून सर्व अंगास बांधावयाचा सुरक्षेचा पट्टा त्यांनी नवा घेतला होता, आणि जमीन सोडल्यापासून जमिनीस पाय लागेपर्यंत तो झाडास अडकवलेला ठेवावयाचा, रायफल रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढून घ्यावयाची, हे नियम ते संध्या करावी तसे पाळीत. जुने काय घ्यावे आणि नवे काय घ्यावे, हे त्यांस नीट कळत होते.

मग त्यांनी ते सर्व काट्यावर ठेवले. मचाण बावीस पौंड, चौकट चार, एकूण सव्वीस. म्हणजे दोन दिवसांच्या खटपटीने ओझे चार पौंडांनी वाढले होते! आम्ही खंतावून त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी ते पाठीवर घेतले, कमरेचा पट्टा आवळला, खांद्यांचे बंद सैल सोडले, आणि त्या दोन बंदांखाली आपले दोन अंगठे सहज सरकवून दाखविले. खांद्यांवर आता भार जवळजवळ नव्हताच. तो कमरेच्या हाडांवरून पायांत उतरला होता. ओझे वाढले होते आणि हलके झाले होते. गणितास हे मान्य नसेल. पण गणित पाठीवर काही घेऊन चालत नाही.

परंतु आम्ही ज्यासाठी लेखणी हाती घेतली ती गोष्ट याच्या पुढची आहे. शुक्रवारी रात्री, हंगामाच्या आदल्या दिवशी, त्यांनी बांधलेले सारे पुन्हा सोडले. आम्ही कारण विचारले. डावी बाजू थोडी जड लागते, असे ते म्हणाले. बैठकीची पट्टी त्या बाजूस दोन बोटे सरकली होती. दोन बोटे! मैलभराचा तर प्रश्न, असे आम्ही म्हणालो. त्यावर ते आमच्याकडे न पाहता म्हणाले, “दोन बोटे अंगणात काहीच नसतात. अर्ध्या मैलावर तीच मान मोडतात.” आणि त्यांनी अर्धा तास घालवून गाठी पुन्हा बांधल्या.

दिवा धरून उभे असता आम्हांस 1993 सालच्या जून महिन्यातील एक दुपार आठवली. एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात आमची पहिली नेमणूक झाली होती. एस.टी.तून उतरलो तो आमच्याबरोबर पुस्तकांनी भरलेली एक लोखंडी ट्रंक. एक वयस्क हमाल पुढे आला. बिऱ्हाडापर्यंतचे पाच रुपये त्याने सांगितले. त्याने डोईचे मुंडासे सोडून त्याची चुंबळ केली, “जरा हात लावा, साहेब,” म्हणाला, आणि ट्रंक डोक्यावर घेतली. वीस-पंचवीस पावले गेल्यावर तो एका कट्ट्यापाशी थांबला, ट्रंक टेकविली, आणि म्हणाला, “साहेब, एका अंगाला भार आलाय. कुलूप काढून बुकं जरा इकडची तिकडं करा, म्हंजी नीट बसंल.” किल्ली आमच्या खिशात होती. ऊन मी म्हणत होते. आम्ही नवे कपडे घातले होते. आणि हा वेळ काढून जास्त पैसे मागण्याचा डाव आहे, अशी आमची सुशिक्षित बुद्धि आम्हांस सांगत होती. आम्ही म्हणालो, “चल रे, जवळच तर आहे.” तो काही बोलला नाही. मान एका बाजूस कलती ठेवून तो उरलेली वाट चालला. बिऱ्हाडी पोचल्यावर, वाटेत थांबून वेळ घालविला या सबबीवर आम्ही त्यास तीन रुपये दिले. ते त्याने घेतले.

त्या ट्रंकेत बनियन होता.

तीस वर्षे ही गोष्ट आम्ही विसरलो होतो असेही नाही. तीत लक्षात ठेवण्याजोगे काही आहे असे वाटले नव्हते, एवढेच. त्या माणसाने आमच्यापाशी दया मागितली नव्हती, पैसेही अधिक मागितले नव्हते. त्याने आपल्या कामातील ज्ञानाची एक गोष्ट सांगितली होती, आणि तीसाठी आमच्याकडून एक मिनिट व एक किल्ली मागितली होती. नेपाळी भारवाहकांविषयीचा शोधनिबंध आम्ही आदराने वाचला, तो इंग्रजीत होता म्हणून. तेच शास्त्र मराठीत, कट्ट्यापाशी उभे राहून, घाम पुसत एका जाणत्याने सांगितले तेव्हा आम्हांस तो डाव वाटला. ऑल्डो लिओपोल्ड या मॅडिसनच्याच विद्यापीठातील प्राध्यापकांनी, 1949 साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, शिकाऱ्यांच्या अंगाखांद्यावर लोंबणाऱ्या विकतच्या साधनांविषयी खेद दर्शविला आहे. साधने वाढली आणि कसब गेले, असा त्यांचा आशय. आमच्याबाबत तेवढेही म्हणता येत नाही. आमच्यापाशी कसब कधी नव्हतेच. ते ज्याच्यापाशी होते त्याच्याशी आम्ही दोन रुपयांसाठी हुज्जत घातली होती.

शनिवारी, तारीख 18 रोजी, पहाटे पाच वाजता आम्ही नारिंगी रंगाचे झगझगीत जाकीट चढवून शेजाऱ्यांबरोबर रानात गेलो. ते पुढे, आम्ही मागे. अंधारात त्यांच्या पाठीवरील मचाण यत्किंचितही वाजत नव्हते. ते दोनदा थांबले, पण टेकले नाहीत. एका सरळसोट खोडापाशी त्यांनी पाठीवरून ते उतरविले, पट्टा झाडाभोवती घेतला, आणि हळूहळू वर सरकत गेले. आम्ही परत गाडीत येऊन बसलो. दिवसभरात दूरवर बंदुकांचे आवाज झाले. त्यांत त्यांचा एकही नव्हता. सायंकाळी त्यांस आणावयास गेलो तेव्हा त्यांनी सांगितले की एक मादी व तिचे पोर खालून गेले, आणि त्यांनी बंदूक उचलली नाही. का, हे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

परत येताना आम्ही ते मचाण वाहण्यास मागितले. त्यांनी आमच्या कमरेचा पट्टा आपल्या हातांनी आवळला, बंद सारखे केले, मागून पाहिले, आणि डावीकडील एक गाठ सोडून पुन्हा बांधली. मग “आता चला,” म्हणाले. आयुष्यात प्रथमच आम्ही दुसऱ्याचे ओझे पाठीवर घेऊन एक मैल चाललो. ते हलके नव्हते. पण ते जेथे असावयास पाहिजे तेथे होते.

यंदा बनियन शिकविताना आम्ही वर्गास विचारले की यात्रिकाचे गाठोडे कसे बांधले असेल. बहुतेक मुले हसली. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी, ज्याचे वडील बाजार समितीत पोती उचलतात असे पुढे कळले, उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आपोआप सुटलं म्हणजे नीट बांधलेलं नव्हतं.” या उत्तरास किती गुण द्यावे हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही.

शेजाऱ्यांचे पत्र त्यानंतरच्या हंगामाअखेर आले होते. पत्र चार ओळींचे. मचाण तेच, चौकट तीच, प्रकृति बरी. झाड मात्र या वेळी अर्ध्या मैलाने अलीकडचे निवडले. खाली एक ओळ अधिक होती: मान कशी आहे?